घर सापडल्यानंतरचं काम

बेघर मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत नोकरी धरावी, निदान वर्षभर तिथं राहून हातभार लावावा, असं अलीकडे पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे-भोरकडच्या मुलामुलींच्याही मनात येऊ लागलंय. बहुतेकांनी मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. जटा वाढलेला माणूस, त्याला घातलेली आंघोळ, दाढी केल्यावरचा उजळलेला चेहरा आणि मागे गाणं. तीन मिनिटांत माणूस बदलतो. प्रत्यक्षात आंघोळ हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. अवघड ते नंतर सुरू होतं, आणि त्याचा शेवट कित्येकदा पासलीसारख्या एखाद्या गावात, घराच्या ओटीवर होतो. केळदच्या वाटेवरचं, पुढे मढे घाट आणि खाली कोकण असलेलं हे गाव. इथल्या मुलांना या कामात उपयोगी पडेल असं पुष्कळ काही आधीच येत असतं, फक्त ते उपयोगी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पण आधी संस्था निवडायची. या क्षेत्रातल्या संस्था ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक, माणसाला बरं करून घरी पोचवणारी. दुसरी, ज्याला घर उरलेलंच नाही त्याचं घर होणारी.

पहिल्या प्रकारातलं ठळक नाव म्हणजे कर्जतजवळ वेणगावला असलेलं श्रद्धा पुनर्वसन केंद्र. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने मुंबईत एका तरुणाला करवंटीनं गटाराचं पाणी पिताना पाहिलं आणि आपल्या दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर कळलं की तो शिकलेला, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, आणि वडील आंध्रात जिल्हा परिषदेत नोकरीला. त्यातून १९८८ मध्ये संस्था उभी राहिली. कर्जतचं केंद्र २००६ चं. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांवर माणसं आपापल्या घरी पोचलेली होती. अशा ठिकाणी कार्यकर्त्याचं निम्मं आयुष्य रेल्वेत जातं.

दुसऱ्या प्रकारात अहिल्यानगरजवळचं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली सेवा प्रतिष्ठान येतं. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुलं तिथं कायमची राहतात. पुणे जिल्ह्यातच वढू बुद्रुकला १९९७ मध्ये सिस्टर ल्युसी कुरियन यांनी सुरू केलेलं ‘माहेर’ही निराधारांना असंच सामावून घेतं. इथं प्रवास कमी, पण तीच माणसं, तीच खोली, तेच जेवण रोज. फिरतीची हौस असलेल्याला हे झेपत नाही आणि घरकोंबड्याला पहिलं झेपत नाही. आपला स्वभाव कुठला, हे अर्ज करण्याआधीच पाहिलेलं बरं.

आता रस्त्यावरचा भाग. फुटपाथवर झोपणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो, ही पहिली खूणगाठ. पुण्यात मार्केट यार्डाच्या आसपास रात्री पाठ टेकणारा माणूस दिवसा हमाली करणारा असू शकतो. त्याला औषध नको असतं. पिशवी सुरक्षित ठेवायला जागा, संडास, रेशनकार्ड आणि झोपेतून कुणी काठीनं उठवणार नाही याची खात्री त्याला हवी असते. शहरात दर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांची सोय असलेला एक निवारा असावा, असं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ठरवलेलं माप आहे. आपल्या वॉर्डातला निवारा कुठे आहे आणि तिथं कुणाला घेतात, हे माहीत असणं ही या कामातली बाराखडी. भीक मागणाऱ्याला आत टाकता येईल असा १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहे, त्यामुळे बेघर, भिकारी आणि मनोरुग्ण ही तिन्ही माणसं व्यवस्थेच्या हातात एकाच गाडीत बसवली जातात. मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत किंवा वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार महाराष्ट्रात झाला होता. तो ताबडतोब थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं.

जो खरोखर भरकटलेला आहे, स्वतःशी बोलतोय, अंगावर जखम असून त्याला भान नाही, त्याच्यासाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम १०० आहे. त्याची मराठी प्रत झेरॉक्स काढून खिशात ठेवा. पोलीस ठाण्यात जाऊन ‘साहेब, एक वेडा फिरतोय’ म्हणालात तर ‘मग आम्ही काय करू?’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी लेखी अर्ज द्या: अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अशा वर्णनाची व्यक्ती आढळली, ती मानसिक आजारी असावी आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं दिसतं, कलम १०० प्रमाणे तिला संरक्षणात घ्यावं. अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ही ठाणे अंमलदाराचीच जबाबदारी आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कायदा दाखवताना आवाज चढवण्याची गरज नसते; शिपायापासून अंमलदारापर्यंत अनेकांनी हे कलम वाचलेलंच नसतं, आणि शांतपणे कागद पुढे केला की बहुतेक जण वाचतात. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी तेच फोन करून बोलावतात.

रुग्णालयात दाखल करताना रुग्णाच्या वतीने कुणीतरी प्रतिनिधी लागतो. ज्याला कुणीच नाही, त्याच्यासाठी या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता ती जबाबदारी घेऊ शकतो. म्हणजे हे काम उद्या तुमच्यावर येऊ शकतं. सही करण्याआधी काय करणार आहेत, कोणतं औषध, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. नुसती सही ठोकू नका.

केंद्रात नवा माणूस येतो तो दिवस जरा जवळून बघू. त्याच्याबरोबर एक बोचकं असतं. चिंध्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, शिळी भाकरी, तारेचा तुकडा, विटलेले कागद. वास असह्य असतो आणि नवख्या कार्यकर्त्याचा हात आपोआप कचऱ्याच्या डब्याकडे जातो. ते बोचकं फेकायचं नाही. पोत्यात घालून, नाव नसेल तर नंबर लिहून बाजूला ठेवायचं. एक तर त्या माणसाच्या लेखी तेवढीच त्याची इस्टेट असते, आणि ती गेली की तो तुमच्यावरचा विश्वास गुंडाळून ठेवतो. दुसरं म्हणजे त्या कागदांत कधी एखाद्या दवाखान्याची चिठ्ठी, कधी एसटीचं तिकीट, कधी फोन नंबर खरडलेला तुकडा निघतो. केस कापण्याआधी विचारायचं. तो हो म्हणणार नाही कदाचित, तरी विचारायचं. जटांखाली जखमा असतात, जखमांत किडे असतात, त्यामुळे वस्तरा चालवण्याआधी परिचारिकेनं पाहायला हवं. पहिल्या रात्री पोटभर जेवू घालायचा मोह आवरा. दिवसेंदिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर अन्न दिलं तर जिवावर बेतू शकतं. किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

आणि मोबाइल खिशात. उपचार घेत असलेल्या मनोरुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं, आणि त्यात डिजिटल स्वरूपातली माहितीही आली. देणग्या व्हिडिओवर येतात हे खरं. पण बरा होऊन गावी गेलेल्या माणसाला त्याच्याच गावातल्या पोरांनी ‘हा बघ तुझा व्हिडिओ’ म्हणून तो नागडा असतानाची दृश्यं दाखवली, तर त्याला पुन्हा रस्ता बरा वाटेल. मला विचाराल तर आधी-नंतरचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या संस्थेत मी नोकरी धरणार नाही.

औषधं लागू पडायला काही आठवडे जातात. झोप लागते, बोलणं जुळायला लागतं, आणि मग घर शोधण्याचं काम. इथं खेड्यातला मुलगा शहरातल्या पदवीधराच्या पुढे असतो. ‘तुमचा पत्ता काय?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही, आलं तर ‘मुंबई’ नाहीतर ‘देवाचं घर’. पत्ता विसरलेला माणूस पाण्याची वाट विसरलेला नसतो. पाणी विहिरीचं की ओढ्याचं? घरात भात होता की भाकरी, भाकरी तर कशाची? गुरं रानात सोडायचात की दावणीला? एसटी गावात मुक्कामाला असायची की फाट्यापर्यंत चालत यायचात? बाजार कोणत्या वारी? जत्रेत बगाड असतं का? एखादी म्हातारी नाचणीला नागली म्हणाली तर बोट नाशिककडच्या डोंगराकडे जातं. कुणी ‘मेंगाईची जत्रा’ म्हणालं, तर कर्जतमधल्या परप्रांतीय कार्यकर्त्याला काही कळणार नाही. पासलीचं पोर उठून उभं राहील, कारण ती वेल्ह्याची. पाऊस चार-चार महिने हटत नाही, भात झोडला, नसरापूरला बाजार केला, एवढ्यावरून आपल्याला तालुका कळतो. हे प्रश्न चौकशीच्या थाटात विचारायचे नाहीत. तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना सहज यायला हवेत, आणि मिळालेला प्रत्येक शब्द त्याच उच्चारात वहीत उतरवायचा. ‘शुद्ध’ केलात की धागा तुटला.

या केंद्रांत माणसं बंगाल, बिहार, तेलंगणातूनही येतात. म्हणून हिंदी चांगलं हवं, आणखी एखादी भाषा येत असेल तर तुम्ही सोन्याचे. शाळेचं किंवा रेल्वे स्टेशनचं नाव मिळालं की नकाशावर शोधायचं आणि तिथल्या पोलीस ठाण्याला फोन लावायचा. आधारचाही उपयोग होतो. नवं आधार काढायला गेल्यावर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले आहेत म्हणून अर्ज अडतो, आणि त्यावरून माणूस कोण ते कळतं. नागपूरच्या आधार केंद्रातून अशी हरवलेली मुलं-माणसं घरी पोचली आहेत.

संस्थेत रुजू होण्याआधी काय तपासावं, हे थोडक्यात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी असतेच. तेवढ्यावर जाऊ नका. मनोरुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या जागेला मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ कोण, किती दिवसांनी येतात ते विचारा. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी असतात ते विचारा. दार बाहेरून कुलूपबंद असेल तर कारण विचारा. साखळी दिसली तर विचारू नका, निघा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही, २८ जण गेले. साखळदंडाला आता कायद्यानंच बंदी आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर स्वयंपाकी, ड्रायव्हर, हिशेबनीस आणि काळजीवाहक यांची गरज प्रत्येक संस्थेला असते, आणि तिथं पदवीपेक्षा माणूस टिकतो का हे पाहतात. एएनएम, जीएनएम झालेल्या मुलींना तर नाही म्हणणारी संस्था विरळाच. समाजकार्याची पदवी पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणी मिळते. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर त्यापुढचं विशेष शिक्षण लागतं, आणि मानसशास्त्रज्ञाला पुनर्वास परिषदेची नोंदणी. पंधरा दिवसांच्या ऑनलाइन कोर्सवर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांच्या नादी लागू नका. पगार बेताचा असतो. घरी शेतीचा आधार असेल तर भागतं. नसेल तर राहणं-जेवण, रजा आणि विमा यांचं आधीच लेखी ठरवा. सेवेच्या नावाखाली रजा न देणाऱ्या संस्था आहेत, आणि तिथली माणसं वर्षा-दोन वर्षांत करपून जातात.

खरूज, उवा, क्षय यांच्याशी रोजचा संबंध येतो. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस घेऊनच कामाला लागा. मनाचंही तसंच. तुम्ही महिनोन्‌महिने सांभाळलेला माणूस एका रात्री कुंपणावरून निघून जाईल किंवा तुमच्याच कानशिलात लगावेल. त्याबद्दल बोलायला संस्थेत एखादा वडीलधारा असला पाहिजे. नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कार्यकर्त्यांसाठीही आहेच. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

घर सापडलं की सगळे टाळ्या वाजवतात, आणि खरी परीक्षा तिथून लागते. माणसाला घेऊन गावात शिरताना थेट घरी जाऊ नका. आधी पोलीस पाटलांना, सरपंचांना भेटा, म्हणजे ओळख पटते आणि उद्या शेजारपाजारच्यांचं तोंड कसं बंद ठेवायचं हेही ठरतं. घरात रडारड होते, ओवाळतात. पण जरा वेळानं कुणीतरी कोपऱ्यात गप्प उभं असलेलं दिसेल. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो मेला असं कायदा धरून चालू शकतो. मधल्या काळात सातबाऱ्यावर वारस लागलेले असतात, बायकोनं दुसरं घर केलेलं असतं, भावानं त्याच्या वाटणीच्या जागेवर खोली बांधलेली असते. परतलेला माणूस आनंदाबरोबर हा सगळा गुंताही घेऊन येतो. तो सोडवणं तुमचं काम नाही, पण तो आहे हे ओळखून त्या कोपऱ्यातल्या माणसाशी दोन शब्द बोलणं तुमचंच काम. गोळ्या बंद करणारा हात पुष्कळदा त्याचाच असतो.

‘आता परत नाही ना होणार?’ हा प्रश्न येतोच. खोटं सांगू नका. गोळ्या चालू राहिल्या तर शक्यता कमी, बंद पडल्या तर जास्त, एवढंच सांगा.

समजा असा माणूस पासलीला परतला. पहिली अडचण गोळ्यांची. तज्ज्ञ डॉक्टर औंधच्या जिल्हा रुग्णालयात, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा ससूनला. दर महिन्याला तिथवर जाणं मजुरी बुडवून कुणालाही परवडत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत तिथल्या डॉक्टरांकडून केसपेपरवर स्पष्ट लिहून घ्या की पुढचं औषध वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे तो यासाठीच. तिथं ती गोळी शिल्लक आहे का हे आधी फोन करून विचारा. पावसाळ्याच्या तोंडाला जास्तीचा साठा मागून घ्या; दरड आली, एसटी बंद पडली की आठ-आठ दिवस निघता येत नाही.

दुसरी अडचण लावणीची. गोळीनं गुंगी येते, हात थरथरतात, जीभ जड होते. आवणात वाकून उभं राहायचंय आणि हा डुलक्या घेतोय. घरचे म्हणतात, हंगाम संपेपर्यंत गोळी राहू दे. इथंच आजार उलटतो. गोळी बंद न करता ती रात्री देता येईल का, मात्रा बदलता येईल का, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. लावणी कधी लागते हे डॉक्टरांना माहीत नसतं, ते तुम्ही सांगायचं.

तिसरी, देवऋषी. घरचे नेणारच. त्यावरून भांडण काढलंत तर ते तुम्हालाही घरात घेणार नाहीत आणि गोळ्याही गुपचूप थांबतील. अंगारा लावा, नारळ फोडा, पण गोळी चुकवू नका, एवढा तह पुरे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात तर दुवा मागायला आलेल्यांसाठी मानसोपचाराची सोयच केली गेली. मात्र भूत उतरवायचं म्हणून मारहाण, चटके, बांधून ठेवणं सुरू झालं तर तो महाराष्ट्रातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तिथं तह नाही.

आजार दीर्घ असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. मानसिक आजार त्यात बसतो. ते हातात आलं की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. घरात स्वतःचे पैसे आणणारा माणूस आणि न आणणारा माणूस, यांच्या ताटात पडणारं वाढणं वेगळं असतं. हे कटू आहे, पण या कामात ते रोज दिसतं.

संस्थेत न जाता गावातच राहून करता येण्यासारखंही आहे. पुण्यातल्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम राबवला. त्यात गावातल्याच माणसांना ताणतणाव ओळखायला, ऐकून घ्यायला आणि योग्य ठिकाणी पाठवायला शिकवलं गेलं. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांना हे जसंच्या तसं लागू पडेल. सुरुवात आशाताईपासून करा. कोणत्या घरात कोण बोलेनासं झालंय, कोण रात्री उठून फिरतंय, हे तिला आधीच ठाऊक असतं. माणूस गाव सोडून हायवेला लागण्याआधी त्याला गाठलं, तर वेणगावची वाट धरावीच लागत नाही.

परतलेल्या माणसाचा पाठपुरावा मात्र ज्यानं त्याला आणलं त्यानंच करायचा. पहिला फोन आठ दिवसांत, मग दर महिन्याला, आणि लावणीच्या व दिवाळीच्या तोंडाला एकेक जास्तीचा. ‘बरं आहे ना?’ असं विचारलं की ‘बरं हाय’ असंच उत्तर येतं. फोनवर असतानाच गोळ्यांची पट्टी हातात घ्यायला सांगा आणि किती उरल्यात त्या मोजून घ्या.